होता होता राहिलेलं

जगातली बहुतेक दुःखं दोन शब्दांमधल्या फरकातून जन्माला येतात. हे वाक्य मी दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी साडेनऊला कंपनीच्या कँटीनमध्ये उभा राहून उच्चारतो, आणि समोर बसलेली साठ माणसं माझ्या खांद्यावरून मागच्या चहाच्या टाकीकडे बघत असतात. मग मी फळ्यावर मधोमध उभी रेघ मारतो. डावीकडे लिहितो इन्सिडंट, उजवीकडे ॲक्सिडंट. शब्दकोशात या दोघांची सोयरीक कशी आहे ते सोडा, आमच्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दोघांची पक्की वाटणी झालेली आहे. जे होता होता राहिलं तो इन्सिडंट. जे झालं तो ॲक्सिडंट. वरून सुटलेला पाना माणसाच्या शेजारी पडला तर डावीकडे, माणसावर पडला तर उजवीकडे. पाना तोच, उंची तीच, माणूसही तोच. मधे वीतभर हवा. त्या वीतभर हवेवर माझी नोकरी चालते. मी बार्शीच्या कॉलेजातून इंग्रजी घेऊन एम.ए. झालो. चाकणला गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या करणाऱ्या या कंपनीत परदेशी गिऱ्हाईक पाहणीला येऊन गेलं, तेव्हा सेफ्टी खात्यात बरं इंग्रजी लिहिणारा कुणी नाही असं निघालं, म्हणून मला घेतलं. मला मशीनमधलं काही कळत नाही. रेघ मात्र सरळ मारता येते.

वाटणी झाली म्हणजे हिस्से सारखे असतात असं नाही. ॲक्सिडंट वर्षात एकही चालत नाही, आणि इन्सिडंट महिन्याला दहा लागतातच. होता होता राहिलेलं जितकं जास्त नोंदवाल तितके तुम्ही जागरूक, असं हेड ऑफिसचं मत आहे. त्यासाठी पिवळी कार्डं आहेत, ती टाकायला कँटीनच्या दाराशी पेटी आहे. पेटीत कार्डं सोडून सगळं निघतं: बडीशेपेच्या पुड्या, बसचं तिकीट, एकदा एक दात निघाला होता, माणसाचा, किडलेला. लोकांचं म्हणणं असं, की जे झालंच नाही ते लिहायला आम्हाला सवड कुठाय. म्हणून महिनाअखेरीला दार लावून दहा कार्डं मीच लिहितो. तारीख, वेळ, मशीन नंबर, कोण होतं, काय होता होता राहिलं. इतकी वर्षं लिहिल्यावर हातच लिहितो. खरं सांगायचं तर त्या दोन तासांची मी वाट बघतो. साहित्याचा विद्यार्थी असल्याचा एवढाच पुरावा माझ्याकडे उरला आहे. लोखंड पडतं, तेल सांडतं, साखळी तुटते, आणि शेवटच्या ओळीत मी प्रत्येकाला वाचवतो. नावं घालावीच लागतात, तर जी सुचतात ती घालतो. चिमाजीचं नाव पटकन सुचतं. एकदा त्या मंगळवारच्या वर्गात मागच्या बाकावरून चिमाजीनं विचारलं होतं, "सायेब, मंग हात वाचला तर डावीकडं, आन गेला तर उजवीकडं. पन हात तर माजा एकच हाय उजवा. त्यो कुटं लिवायचा?" सगळे हसले, मीही हसलो. उत्तर द्यायचं राहून गेलं.

तर त्या बुधवारी, दहा वाजून दहा मिनिटांनी, माझ्या केबिनच्या काचेतून मी खाली बघत होतो. केबिन माळ्यावर आहे, खाली सगळी प्रेस-शॉप दिसते. पत्रा दाबून आकार देणारी मोठी प्रेस खाली आली की धप्प असा आवाज होतो, तो कानाला येण्याआधी तळपायाला कळतो. दिवसभर तळपाय ऐकत असतात. घरी पुनावळ्याला अकराव्या मजल्यावर अंथरुणात पडलो तरी ऐकत असतात, बायको, तनुजा, फ्रिजचं दार लावते तेव्हा माझे पाय आखडतात. त्या वेळी चार नंबरच्या प्रेसचा धप्प थांबला होता म्हणून मी बघितलं असेन. चिमाजी प्रेससमोर उभा होता. उजवा हात त्यानं डायमध्ये, पत्रा दाबायच्या साच्यात, घातलेला, कोपराच्या अलीकडपर्यंत. आणि वरची डाय खाली येत होती. सावकाश, पाण्याखाली काहीतरी बुडत जावं तशी. चिमाजी हाताकडे बघत नव्हता. मान वळवून, हनुवटी किंचित वर करून तो कुठेतरी समोर बघत होता, आणि त्याच्या तोंडावर जे होतं त्याला हसू म्हणता येईना आणि भीतीही म्हणता येईना. मग त्यानं हात काढला. डाय खाली टेकली. आवाज झालाच नाही. हात आणि डाय यांच्यात चार बोटांचं अंतर राहिलं होतं, हे मला तिथून दिसणं शक्य नव्हतं. पण मला ते माहीत होतं. कारण गेल्या महिनाअखेरीला मीच लिहिलं होतं: प्रेस नंबर चार, अडकलेला पत्रा काढताना ऑपरेटर चिमाजी यांचा हात आत असता डाय खाली आली, हात चार बोटांच्या अंतरानं वाचला.

योगायोग नावाची एक सोय भाषेत आहे, ती मी दुपारपर्यंत वापरली. जेवणाच्या सुट्टीत खाली गेलो तर कँटीनबाहेरच्या पट्ट्यात, पिवळ्या रेघेवर, यशोदाबाई बसलेल्या. झाडलोटीचं काम करतात, वयानं मला मावशी लागतील. शेजारी तेलाचा ओघळ. एक पाय लांब, एक दुमडलेला, एक हात कठड्याला. पडलेलं माणूस पडल्यावर हलतं, चप्पल शोधतं, इकडेतिकडे बघतं. त्या हलत नव्हत्या. मला बघून त्यांनी फक्त पदर नीट केला आणि पुन्हा तशाच राहिल्या. "लागलं का हो?" मी विचारलं. "न्हाई सायेब," त्या ओठ न हलवता म्हणाल्या, "तुमी व्हा म्होरं." मी पुढे झालो. कार्ड नंबर दोन. कठड्याचा आधार मिळाल्यानं इजा टळली, असं मी लिहिलं होतं. हाताशी काही तरी असावं म्हणून कठडा घातला होता. तिथे कठडा आहे की नाही हे मला लिहिताना नक्की माहीत नव्हतं. आता होता. रंग ओला होता.

गुरुवारी तिसरं. क्रेनच्या हुकावरून साखळीचा एक पदर सुटून लोखंडी पत्र्यांची चळत तिरकी लटकत होती आणि खाली तीन माणसं वर तोंड करून उभी होती. पळत नव्हती. तिघांचीही तोंडं उघडी होती, सारखीच उघडी, दातांच्या डॉक्टरकडे रांगेत बसवल्यासारखी. मी जिन्यावर थांबलो. माझ्या मानेत कुणी तरी थंड नाणं ठेवलं असं वाटलं. ओरडायला हवं होतं, पण मी ओरडलो तर कार्डात नसलेलं काहीतरी घडेल, असा एक अत्यंत शास्त्रशुद्ध विचार मनात आला. कार्डात ओरडणारा कुणी नव्हता. मी गप्प राहिलो, आणि पंधरा-वीस सेकंदांनी ती तिघं जणू कुणी खूण केल्यासारखी हलली, कपाळावरचा घाम पुसत चालू लागली.

लहानपणी आई म्हणायची, तिन्हीसांजेला अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते. आमचं घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं. त्यात असा तथास्तु म्हणणारा कुठे राहात असेल म्हणून मी कोनाडे तपासायचो. एकदा मुद्दाम उंबऱ्यावर उभा राहून म्हणालो, मला सायकल मिळू दे. मिळाली नाही. तेव्हा माझं असं मत झालं, की तो फक्त वाईटच ऐकतो. चांगल्याच्या वेळी त्याचा कान दुसरीकडे असतो. पुढे इंग्रजी शिकलो आणि हे सगळं विसरलो. आता कंपनीच्या बसमध्ये, तळवड्याच्या चौकात खोळंबलेलो असताना, पुढच्या ट्रकच्या मागे लटकणाऱ्या साखळीकडे बघत मला कळत होतं की कान कुठेच गेलेला नव्हता. त्याला इंग्रजीही येत होतं. सात कार्डं शिल्लक होती. मी एकेक आठवू लागलो. ग्राइंडरच्या चाकाचा कपचा डोळ्याशेजारून जातो. फोर्कलिफ्ट वळणावर माणसाला चाटून जाते. नवव्यात पुन्हा चिमाजी, शिडीवर. सगळ्यांना मी शेवटच्या ओळीत वाचवलं होतं ना? हे आठवेना. कंटाळलेला होतो, चार वाजून गेले होते, एखाद्या कार्डावर शेवटची ओळ लिहायची राहून गेली असली तर? कार्डं हेड ऑफिसला गेलेली. त्या अर्धवट कार्डातला माणूस या क्षणी कुठे उभा होता, काय खात होता, हे मला सोडून कुणालाही विचारायचं कारण नव्हतं.

तनुजाला सांगितलं. ती भेंडी चिरत होती. ती म्हणाली, "मग अहो, चांगलं काही लिहा की. तुमचंच, ज्योतीरामरावांना बढती मिळता मिळता राहिली नाही, असं लिहा." मी म्हणालो, थट्टा नाही. ती म्हणाली, "तुम्ही झोपेत पाय झाडता. परवा मला लागलं." मग तिनं सुरी उलटी करून ठेवली, धार भिंतीकडे. एरवी ती तसं करत नाही.

शुक्रवारी सकाळच्या चहाच्या सुट्टीत मी चिमाजीला गाठलं. तो भंगाराच्या पिंजऱ्यामागे, कुंपणाला टेकून उकिडवा बसला होता, बशीत चहा ओतून. चाकणच्याच शिवेवरचा माणूस. आज जिथे चार नंबरची प्रेस उभी आहे तिथे त्याच्या घरचा कांदा असायचा, आणि ते तो कधी उगाळून सांगत नाही, फक्त पाऊस पडला की शॉपच्या कुठल्या कोपऱ्यात पाणी येणार हे आधीच सांगतो आणि तिथेच पाणी येतं. मी त्याच्याशेजारी उभा राहिलो. कसं विचारावं ते कळेना. "चिमाजीभाऊ," मी म्हणालो, "थोडे दिवस रजा घ्या."

"का वं सायेब? कुनी मेलं का?"

"नाही. तसंच. शिडीवर चढू नका."

त्यानं बशी खाली ठेवली. "शिडीचं आज हाय व्हय? कुलदीप सायेब तर सोमवारी म्हनले."

माझ्या तळपायाखाली धप्प झालं. "काय सोमवारी?"

"फोटू." तो माझ्याकडे, शाळेतल्या मंद मुलाकडे बघावं तसा बघत होता. "हेड हापिसातनं कुलदीप सायबांस्नी सांगावा आलाय म्हनं, कार्डासंगं फोटू पायजेच. गेल्या म्हैन्यापासनं. कार्ड नुसतं चालत न्हाई, खरं कशावरनं म्हनत्यात, आन म्हागारी धाडत्यात. मंग कुलदीप सायेब कार्ड वाचत्यात, आन आमाला उभं करत्यात. बुधवारी हात घातला न्हाई का मी? तुमी वरनं बगत हुता की. मी म्हनलं, सायबांनी लिवलंय, त्येच बगायला उभं ऱ्हायलेत."

"हात आत असताना प्रेस खाली आली होती, चिमाजीभाऊ."

"हळू गतीवर टाकलीवती. त्यो हात बगून थांबवनारा डोळा हाय, त्यो तेवडा बंद केला, न्हाईतर ती उतरतच न्हाई. मला म्हनले मामा, मोबाइलकडं बगा. लग्नातल्यावानी." तो हसला. "यशोदाबाई दोन तास बसलीवती त्येलात. म्हनली, सायबाला सांगा, बाईमानसाला जरा बरी जागा लिवा. तुमी लिवता, आमी करतो. माजंच नाव आलं दोनदा. म्हनलं, ज्योतीराम सायबांचा जीव हाय आपल्यावर."

मी हसलो. इतकं हसलो की कुंपणाची तार हलली. वास्तुपुरुष सापडला होता: कुलदीप, प्रेस-शॉपचा सुपरवायझर, वय चौतीस, छातीच्या खिशात मोबाइल. ती संथ डाय, ती न हलणारी बाई, तो ओल्या रंगाचा कठडा, ती आ वासलेली तीन माणसं, सगळं जागच्या जागी बसलं, आणि माझ्या मानेवरचं नाणं निघून गेलं. त्या सुटकेच्या भरात एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि तशीच पुढे निघून गेली: जे कधी झालंच नव्हतं ते माझ्यामुळे आता रोज होत होतं. हे थांबवायचं तर कुलदीपला सांगावं लागणार होतं की कार्डं खोटी आहेत, मी बसून लिहितो. आणि कुलदीपला ते ठाऊक असणारच. पण ठाऊक असणं निराळं आणि सांगितलेलं असणं निराळं. त्या दोहोंच्या मधेही एक रेघ असते आणि ती ओलांडली की नोकरीवर येतं. चिमाजी बशी धुवत होता. मी म्हणालो, "जपून करा." आजवर मी जे काही बोललो त्यात सगळ्यात हलकं बोलणं ते. त्या दिवशी घरी जाऊन मी पाय न झाडता झोपलो.

सोमवारी साडेअकराच्या सुमारास मला एक धप्प कळला. कानानं नाही. नेहमीचा धप्प लोखंडावर लोखंडाचा असतो, कोरडा. हा तसा नव्हता. यात मधे काहीतरी होतं. मी काचेशी गेलो तेव्हा सगळी प्रेस-शॉप थांबलेली होती, माणसं चार नंबरकडे तोंड करून उभी होती, आणि एक क्षण, देवाशपथ, मी तिथे उभा राहून मनात म्हणालो, हे कुठलं कार्ड? चिमाजी उभा होता. त्याची मान तशीच वळलेली, हनुवटी वर. कुलदीपचा मोबाइल छातीसमोर धरलेला. चिमाजीनं सावकाश मान वळवून आपल्या हाताकडे बघितलं, दुसऱ्याची वस्तू बघावी तसं. मग कुणीतरी हललं, आणि मग सगळेच.

हेड ऑफिसनं बुधवारचा फोटो परत पाठवला होता. हात आत दिसतो पण डाय खाली आलेली स्पष्ट दिसत नाही. म्हणून पुन्हा. सेन्सर बंद केला होता. प्रेस हळू गतीवर टाकायची राहिली. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, दोन-दोन पेरं.

दुपारी साहेबांच्या खोलीत बैठक झाली. प्लँटचे साहेब, एच.आर.च्या मोनिका मॅडम, कुलदीप आणि मी. कुलदीपचे ओठ पांढरे पडले होते. त्याला दोनदा पाणी दिलं. साहेब शांत होते. ते म्हणाले, "उत्पादन चालू होतं?" नव्हतं. "मग कामावरचा ॲक्सिडंट कसा म्हणणार? ज्योतीराम, तुम्ही भाषेतले. सांगा." मी म्हणालो, सर, बोटं गेली. ते म्हणाले, "ते आहेच. वाईट झालं. पण मी शब्दाबद्दल विचारतोय." मोनिका मॅडमनी फाइल पुढे केली. त्या खरोखर हळव्या आवाजात म्हणाल्या, "सर, याची नोंद ऑलरेडी झालेली आहे ना. मशीन तेच, माणूस तोच. हे तुमचंच अक्षर." पिवळं कार्ड होतं. ऑपरेटर चिमाजी यांचा हात चार बोटांच्या अंतरानं वाचला. खाली माझी सही. कागदावर तो हात धडधाकट होता. मी ती ओळ वाचत राहिलो आणि मला वाटू लागलं, की खरा हात हाच आहे. भोसरीच्या दवाखान्यात बँडेजमध्ये गुंडाळलेला जो आहे तो कुणीतरी चुकीच्या रकान्यात लिहिलेला आहे.

त्या दवाखान्यात संध्याकाळी गेलो. चिमाजी खाटेवर बसला होता, हात उशीवर, स्वतःपासून थोडा लांब ठेवलेला. बायको, छबूबाई, पायाशी. तिनं मला बसायला स्टूल दिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मी काही बोलायच्या आत चिमाजी म्हणाला, "कुलदीपाला काय करू नका. त्याचं हात माज्यापेक्षा जास्त कापत हुतं." खाली रस्त्यावर शेअर रिक्षावाला मोशी-मोशी ओरडत होता. "मोनिका म्याडम येऊन गेल्या," तो म्हणाला. "म्हनल्या, काळजी करू नका, नोंद हाय. वाचून दावली. मी म्हनलं म्याडम, ही न्हवं. ह्यात तर हात वाचलाय."

"मला माहीत आहे," मी म्हणालो.

"सायेब, मला काय नको. इम्याच्या हापिसात कागद लागतो तेवडा द्या. आन त्यात लिवा, की झालं." त्यानं बँडेज किंचित उचललं. "होता होता ऱ्हायलं न्हाई. झालं. एवडं लिवा बस."

"लिहितो."

छबूबाई भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "लिवण्यात तर हुशार हायत."

त्या आठवड्यात मी घरी बसून तीन पानं लिहिली. इंग्रजीत, कारण साहेबांवर मराठीचा परिणाम होत नाही. कार्डं मी रचतो हे लिहिलं, किती वर्षं ते लिहिलं, यशोदाबाईंचं तेल लिहिलं, कुंपणाशी मला कळलं होतं आणि मी 'जपून करा' म्हणालो होतो हेही लिहिलं. इतकं सरळ इंग्रजी मला कधी जमलं नव्हतं. लिहिताना हातानं दोनदा शेवटची ओळ आपणहून घातली, हात वाचला, अशी. दोनदा खोडली. तनुजानं तिन्ही पानं वाचली, चष्मा काढला आणि म्हणाली, "द्या. बघू काय होतं ते." मला नोकरी जाईल याची भीती वाटायला हवी होती, ती वाटत नव्हती. एवढीच भीती होती, की साहेबांच्या टेबलावर ठेवीपर्यंत पानांवरचा मजकूर बदललेला असेल. बसमध्ये तीनदा उघडून पाहिलं. बदललेला नव्हता.

साहेबांनी तिन्ही पानं माझ्यासमोर वाचली, घाई न करता. "इंग्रजी छान आहे तुमचं," ते म्हणाले. "मोनिकाकडे द्या. ती भरेल फॉर्म." मी म्हणालो, ॲक्सिडंटचा. ते म्हणाले, "हो हो, तुम्ही म्हणाल तो." मला लढायचं होतं आणि समोर कुणी नव्हतं. मोनिका मॅडमनी संगणकावर फॉर्म उघडला आणि पडदा माझ्याकडे वळवला. एक तारखेपासून हेड ऑफिसनं नवा फॉर्म आणला होता. लोकांचा या दोन शब्दांत फार गोंधळ होतो म्हणून दोन्ही काढून टाकले होते. एकच रकाना होता: इव्हेंट. त्यात चिमाजीचं नाव, तारीख आणि दोन बोटं, एवढं मावलं. छापलेल्या कागदावर मी सही केली.

गुरुवारी छबूबाई तो कागद घेऊन विम्याच्या ऑफिसात गेल्या. खिडकीवरच्या बाईंनी तो परत दिला. तिथे अपघाताचाच फॉर्म लागतो.